लाइटबीमची जोडी आणि गोव्याचा पावसाळा

युबिक्विटी कंपनीच्या ‘लाइटबीम ५एसी जेन २’ या छोट्या वायरलेस डिशचे दोन नग घेतले की अर्धा ते तीन किलोमीटर अंतरावरच्या दोन इमारती एका नेटवर्कवर आणता येतात. या अंतरासाठी याहून महाग काही घ्यायची गरज सहसा पडत नाही. अट एकच, एका डिशच्या जागेवरून दुसरी डिश स्वच्छ दिसली पाहिजे. गोव्यात ही अट पाळणं अवघड, कारण इथे दोन घरांच्या मधे माड असतात. म्हणून या परीक्षणात डिशबद्दल थोडं आणि तिच्या आजूबाजूच्या गोष्टींबद्दल बरंच जास्त आहे. लिंक बंद पडते तेव्हा दोष बहुतेक वेळा डिशमध्ये नसतोच.

आधी डिश. अँटेना २३ डीबीआयची (लहर एका दिशेला एकवटण्याचं हे माप, यालाच गेन म्हणतात), एक गिगाबिट पोर्ट, वीज नेटवर्कच्याच वायरीतून २४ व्होल्ट पॅसिव्ह पीओईने. ५ गिगाहर्ट्झचा मुख्य रेडिओ लिंकसाठी आणि शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा एक छोटा रेडिओ फक्त सेटिंगसाठी. ही दुसरी सोय आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. शिडीवर उभं राहून लॅपटॉप सांभाळायचा नसतो. खिशातल्या फोनवर कंपनीचं यूआयएसपी अॅप उघडलं की सिग्नलचे आकडे तिथेच दिसतात. हा रेडिओ चालू केल्यावर काही वेळाने आपोआप बंद होऊ शकतो, तेव्हा फोनवर डिशचं नाव दिसेनासं झालं तर घाबरू नये. वीज काढून परत द्यावी.

‘हिची रेंज किती?’ हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याला मिळणारं ‘पंधरा-वीस किलोमीटर’ हे उत्तर आपल्या काही कामाचं नाही. मोठी डिश म्हणजे जास्त ताकद, हा समज चुकीचा आहे. हवेत एकूण किती ताकद सोडायची त्याला कायद्याची मर्यादा असते. सेटिंगमध्ये देश ‘इंडिया’ निवडून ईआयआरपीची, म्हणजे या एकूण ताकदीची, मर्यादा चालू ठेवली, तर अँटेनाचा गेन जेवढा जास्त तेवढी रेडिओची ताकद कमी धरली जाते. उदाहरणापुरती मर्यादा ३६ डीबीएम (ताकदीचं माप) धरू. गेन आणि रेडिओची ताकद यांची बेरीज तिच्यापुढे जात नाही. २३ डीबीआयच्या डिशमागे रेडिओ १३ डीबीएमवर चालेल आणि १३ डीबीआयच्या चपट्या पॅनेल अँटेनामागे २३ डीबीएमवर. बाहेर पडणारा आवाज दोघांचा सारखाच. फरक पडतो तो ऐकण्यात. कानामागे हात धरावा तशी डिश समोरचं जास्त ऐकते आणि बाजूचा गोंगाट टाळते. ५.८ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटर मोकळ्या हवेत साधारण १०८ डेसिबल खर्च होतात, म्हणजे समोरच्या डिशवर उणे ४९ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळायला हवा आणि पॅनेलवर उणे ५९च्या आसपास (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). अंतर दुप्पट झालं की आणखी ६ डेसिबल कमी. हे गणित छपरावर चढण्याआधी कागदावर मांडून ठेवावं. ते पुढे लागणार आहे.

त्यामुळे टीपी-लिंकचं सीपीई५१० हे १३ डीबीआयचं पॅनेल शेजारच्या वाड्यापर्यंत, म्हणजे तीन-चारशे मीटरांपर्यंत, मस्त चालतं आणि लावायलाही सोपं आहे. पण त्याचा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे. रेडिओवर ३०० लिहिलेलं असलं तरी वायरीतून ९५च्या वर काही येणार नाही. घरी २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन असेल तर त्यातलं अर्धं इथेच अडकतं. त्याच कंपनीचं सीपीई७१० हे २३ डीबीआय आणि गिगाबिट पोर्टचं, लाइटबीमच्याच वर्गातलं. स्थानिक दुकानात जे सहज मिळतं आणि बदलून मिळतं ते घ्यावं, फक्त दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं आणि एकाच जातीचं. युबिक्विटीची एअरमॅक्स आणि टीपी-लिंकची मॅक्सट्रीम या दोन्ही पद्धती वेळेचे वाटे पाडून बोलतात, पण त्या एकमेकींची भाषा समजत नाहीत.

आता माड. माड वीस-पंचवीस मीटर उंच जातो आणि त्याचा शेंडा नेमका दुमजली घराच्या खांबावरून निघालेल्या रेषेत येतो. नजरेला समोरची डिश दिसते, तेवढ्याने भागत नाही. रेडिओ लहरी रेषेत न जाता मधे फुगलेल्या नळीतून जातात. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या लिंकमध्ये मधोमध या नळीची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर असते, दोन किलोमीटरला ५ मीटर. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे एका किलोमीटरला रेषेच्या सगळ्या बाजूंनी सव्वादोन मीटर आणि दोन किलोमीटरला तीन मीटर. गूगल अर्थवर उंचीचा आलेख काढता येतो, पण त्यात जमीन दिसते, झाडं नाहीत. रात्री समोरच्या गच्चीवर कोणाला तरी टॉर्च धरायला सांगून इकडून दुर्बिणीने पाहणं अजूनही सगळ्यात भरवशाचं. टॉर्च झावळ्यांमधून लुकलुकताना दिसला तर ती जागा बाद धरावी.

इथे एक गफलत ठरलेली. लिंक लावायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, ऊन असतं, रोजंदारीवर माणसं मिळतात. सत्तरी, सांगे, काणकोण भागात त्या वेळी सागाच्या आणि माटीच्या (ऐनाच्या) झाडांची पानं गळलेली असतात. डिश दिसते, सिग्नल उत्तम, बिल चुकतं होतं. जूनमध्ये झाडं पालवतात, जुलैत ती चिंब भिजतात आणि लिंक रडतखडत चालायला लागते. भिजलेलं एखादं झाड मधे आलं तरी सिग्नल दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त पडू शकतो. मग ‘पावसात वायरलेस चालत नाही’ असा निकाल लागतो. खरं तर ५.८ गिगाहर्ट्झला पाऊस फारसा जाणवत नाही. तासाला १०० मिलिमीटर असा धो धो कोसळला तरी नुकसान किलोमीटरमागे साधारण एका डेसिबलच्या आत. उलट ६० गिगाहर्ट्झच्या यंत्रांना तोच पाऊस किलोमीटरमागे तीसेक डेसिबलने झोपवतो. म्हणून या किनाऱ्यावर त्यांचा विचार फार तर दोन-तीनशे मीटरांसाठी करावा. ५ गिगाहर्ट्झची लिंक पावसात पडली तर तीन ठिकाणी पाहावं: ओली पानं, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आणि वीजपुरवठा. बहुतेक वेळा यातच कारण सापडतं.

पाण्यावरून जाणारी लिंक हा वेगळाच प्रकार. रायबंदरहून चोडणला, किंवा मांडवी-जुवारीच्या काठावरून पलीकडे, झाडं मधे नसतात म्हणून काम सोपं वाटतं. पण सपाट पाण्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिसळते, कधी तिला जोर देते, कधी मारते. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी दीड-दोन मीटर खालीवर होते आणि सिग्नलही दिवसातून ठरल्यासारखा वरखाली होतो. दुपारी लावून निघून आलात तर हे कळणारच नाही. भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी आकडे पाहावेत. सहा-सात तासांचं अंतर पुरतं. उपाय ताकद वाढवण्याचा नाही, एका बाजूची उंची बदलण्याचा आहे. अर्धा ते एक मीटर वर किंवा खाली सरकवून पाहावं, किंवा डिश गच्चीच्या कठड्यापासून थोडी आत अशी बसवावी की थेट रेषा मोकळी राहील आणि खालून येणारी परावर्तित लहर कठड्यालाच अडेल. खाजनावरून, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतावरून, जाणाऱ्या लिंकला हेच लागू होतं. मे महिन्यात ते कोरडं शेत असतं, जुलैत आरसा.

खांबाकडे वळू. जीआय पाइप घ्यायच्या आधी डिशच्या क्लॅम्पचं माप घेऊनच दुकानात जावं. दीड इंची म्हणून मिळणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर असतो, सव्वा इंचीचा ४२. पातळ पाइप नको, वाऱ्यात खांब वळवळला की सिग्नलही वळवळतो. तीन मीटरहून उंच खांबाला तीन बाजूंनी ताण द्यावेत. जुन्या घरांत खरी अडचण भिंतीची. जांभ्या चिऱ्यात साधा अँकर बोल्ट धरत नाही. घट्ट करताना मस्त आवळतो आणि दोन पावसाळ्यांत सैल होऊन भोकाभोवती गिलावा फुगतो. स्लॅब किंवा आरसीसी कॉलम असेल तिथेच खांब धरावा. नसेल तर भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने प्लेट द्यावी, किंवा केमिकल अँकर वापरावा. कौलारू छपरावर वासे-रिपांना खांब बांधायचा मोह टाळावा, घर गळायला तिथूनच सुरुवात होते. बोल्ट-नट किनाऱ्याजवळ एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ जातीचे घ्यावेत. ३०४वरही खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. डिशसोबत आलेल्या क्लॅम्पवर ग्रीसचा हात फिरवला तर तो पुढच्या वेळी सुटतो तरी.

वायरीवर पैसे वाचवू नयेत, आणि नेमकं इथेच ते वाचवले जातात. बाजारात ‘कॅट ६ आउटडोअर’ असं छापलेली वायर स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते, सीसीए. टोक सुरीने खरवडून पाहावं, आत चंदेरी दिसलं की परत करावी. हिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि खाऱ्या ओलाव्यात तिचं टोक पांढरी भुकटी होऊन झडतं. शुद्ध तांबं, काळं पॉलिएथिलिनचं आवरण, आत शील्ड, कॅट ५ई असली तरी पुरे. लाइटबीम जेमतेम ७ वॉट खाते, म्हणजे २४ व्होल्टला ०.३ अँपिअर. चांगल्या वायरीत ६० मीटरला दीड-पावणेदोन व्होल्ट पडतात, ते चालतं. सीसीए वायरीत तेवढ्याच लांबीला तीनेक व्होल्ट जातात आणि वर अडॅप्टर जुनाट असेल तर डिश रात्री-बेरात्री आपणच रीस्टार्ट व्हायला लागते. हा दोष शोधताना लोक फर्मवेअर, म्हणजे डिशच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलत बसतात.

डिशखाली वायरीला खाली लोंबणारा वळसा द्यायचा, पाणी त्याच्या तळाशी थेंबाथेंबाने पडून जातं, कनेक्टरकडे चढत नाही. घरात शिरतानाचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं. वायर पांढऱ्या टायने बांधू नये, उन्हात एका वर्षात तुकडे होतात. काळे यूव्ही टाय किंवा सरळ तार. उंदीर आणि माकडं यांचा त्रास असेल तिथे भिंतीपर्यंतची वायर पीव्हीसी पाइपातून न्यावी.

अर्थिंगचा विषय सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि मेच्या शेवटी वळवाच्या विजा सुरू झाल्या की आठवतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस परततानाही तेच. दोन वेगळ्या गोष्टी करायच्या असतात. खांब जाड तांब्याच्या वायरीने किंवा जीआय पट्टीने जमिनीतल्या अर्थपर्यंत न्यायचा. आणि नेटवर्कच्या वायरीला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे) लावायचे, एक खांबाजवळ, एक घरात शिरण्याच्या जागी, दोघांचाही अर्थ जोडलेला. अर्थ न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसता खोका. जांभ्याच्या खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थ नीट लागत नाही, म्हणून खड्डा खोल हवा आणि इमारतीच्या मूळ अर्थला तो जोडलेला हवा. वीज थेट अंगावर पडली तर यातलं काहीही वाचवत नाही, हेही मान्य करून चालावं. हे सगळं जवळपास पडलेल्या विजेसाठी आहे.

पीओई अडॅप्टर नेहमी घरात, कोरड्यात. त्याच्यावर दोन खाचा असतात, पीओई आणि लॅन. पीओईची वायर डिशकडे, लॅनची राउटरकडे. उलट लावली तर २४ व्होल्ट थेट राउटरच्या पोर्टात शिरतात, आणि पॅसिव्ह असल्यामुळे हा अडॅप्टर समोर कोण आहे ते विचारत नाही. आधी ओळख पटवूनच वीज देणाऱ्या प्रमाणित पीओई स्विचला डिश जोडली तर ती सुरूच होणार नाही. ४८ व्होल्टचा पॅसिव्ह अडॅप्टर कुठून तरी उचलून लावला तर मात्र ती जळेल. या यंत्राची ही खरी उणीव. २४ व्होल्टचा अडॅप्टर एक जास्तीचा आणून ठेवावा, पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा आधी तोच जातो. दोन्ही टोकांना छोटा यूपीएसही हवा. घरात इन्व्हर्टर आहे आणि पलीकडच्या शेडात नाही, तर लिंक शेडाच्या विजेवरच जगते.

सेटिंग टेबलावर करावं, छपरावर नव्हे. दोन्ही डिशचा मूळ पत्ता १९२.१६८.१.२० हाच असतो, म्हणून एकावेळी एकच जोडून पत्ते बदलून घ्यावेत, राउटर आपोआप वाटतो त्यांच्या बाहेरचे. एकाला ‘अॅक्सेस पॉइंट पीटीपी’, दुसऱ्याला ‘स्टेशन पीटीपी’, दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता नुसता पूल म्हणून. डब्ल्यूपीए२ची लांब किल्ली, नवीन फर्मवेअर, नवा पासवर्ड. पासवर्डाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी आणि फर्मवेअर न बदलणाऱ्यांसाठी: मे २०१६मध्ये एअरओएस या युबिक्विटीच्या फर्मवेअरची जुनी आवृत्ती असलेल्या यंत्रांमध्ये एक वर्म (आपणहून पसरणारा व्हायरस) पसरला होता. त्याची दुरुस्ती २०१५मध्येच आलेली होती. टेबलावर दोन्ही डिश समोरासमोर पूर्ण ताकदीने चालवू नयेत, सर्वात कमी ताकद ठेवावी. आणि पलीकडच्या टोकाला जुना वायफाय राउटर लावणार असाल तर त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करून वायर त्याच्या लॅन पोर्टात घालावी. दोन राउटर पत्ते वाटायला लागले की अर्ध्या फोनांना नेट मिळतं, अर्ध्यांना नाही, आणि शिव्या डिशला बसतात.

चॅनेल निवडताना आधी डिशमधल्या एअरव्ह्यू या साधनाने पट्टा किती गजबजलेला आहे ते तपासावं, तोही संध्याकाळी. भारतात ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे बाहेरच्या वापरालाही परवान्याशिवाय खुले झाले, त्याआधी एवढी मोकळीक नव्हती. मधले पट्टे रडारशी वाटून घ्यायचे असल्यामुळे यंत्र आधी ऐकत बसतं आणि रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून पळतं. दाबोळीसारख्या विमानतळ आणि नौदलाच्या परिसरात हे पट्टे टाळलेले बरे. कळंगुट-बागा भागात वरचा पट्टा हॉटेलांनी आणि केबलवाल्यांनी भरून टाकलेला असतो. तिथे ८० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल म्हणजे सगळ्यांचा गोंगाट स्वतःहून घरात घेणं. ४० पुरेसा आहे. त्यावर रेडिओचा आकडा ४०० एमबीपीएसपर्यंत जातो, हातात दोनशे-अडीचशे पडतात, जाणारे-येणारे दोन्ही मिळून. गर्दीत २० घ्यावा, शंभराच्या आसपास मिळतात पण स्थिर.

डिश फिरवताना एका वेळी एकच बाजू हलवावी, आधी आडवी, मग उभी, आणि दर हालचालीनंतर काही सेकंद थांबून आकडा वाचावा. झोत साधारण दहा अंशांचा असतो, त्यामुळे लिंक लागणं अवघड नाही. अवघड आहे ते आकड्याचं खरं शिखर ओळखणं. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे झोत असतात, त्यांच्यावरही आकडा वाढून कमी होतो आणि फसायला होतं. इथे तो कागदावरचा हिशेब कामी येतो. एक किलोमीटरला उणे ४९ यायला हवेत आणि येताहेत उणे ६८, तर बाजूच्या झोतावर आहात किंवा मधे काहीतरी आहे. तीन-चार डेसिबलचा फरक सोडून द्यावा. दोन्ही चेनचे (डिशमधल्या दोन रेडिओ मार्गांचे) आकडे एकमेकांच्या तीन डेसिबलांत असावेत. ५०० मीटरांच्या आत उणे ४०च्या वर सिग्नल जाऊ लागला तर ताकद कमी करावी, जास्त जोराने रिसीव्हर गुदमरतो. वेग मोजायला दोन टोकांच्या दोन संगणकांवर आयपर्फ३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवावं. डिशच्या आतली स्पीड टेस्ट तिच्याच प्रोसेसरवर भार टाकते आणि आकडा कमी दाखवते.

एकाच आवारातल्या दोन इमारतींमध्ये शंभर-दीडशे मीटर अंतर असेल आणि चर खणता येत असेल तर हे काहीही घेऊ नये. सिंगल मोड फायबर पाइपातून टाकून फायबरला नेटवर्कच्या वायरीशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावावेत, विजेची भीती नाही, माडांची नाही. तिथे तांब्याची नेटवर्क वायर मात्र पुरू नये, दोन इमारतींचे अर्थ वेगळे असतात आणि तो फरक वायरीतून दोन्हीकडच्या पोर्टांना भोवतो. लिंक स्वतःच्या दोन जागांमध्येच ठेवावी. शेजाऱ्यांना पैसे घेऊन नेट देणं हा परवान्याचा विषय आहे.

विकत घेताना खोक्यावर भारतातल्या मंजुरीची ईटीए खूण आहे का ते पाहावं. परदेशातून कोणी आणून दिलेली अमेरिकी आवृत्ती त्या देशाच्या नियमांना बांधलेली असते, तिच्यात ‘इंडिया’ निवडता येत नाही, आणि तिची वॉरंटी इथलं दुकान मानत नाही.